निल्स बोलीन

मोटारीत बसताच खांद्यावरून कमरेकडे आपण जो पट्टा ओढून घेतो, त्याचे जनक निल्स बोलीन ह्यांचे चरित्र आम्ही आमच्या वाचकांस थोडक्यात सादर करीत आहो. त्यांचा जन्म १९२० साली स्वीडन देशात झाला. यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन ते साब ह्या विमाने बांधणाऱ्या कंपनीत लागले. विमान कोसळू लागले असता वैमानिकास आसनासकट बाहेर फेकून वाचविणारी यंत्रणा रचणे, हे तेथील त्यांचे काम. १९५८ साली ते व्होल्वो ह्या मोटारकंपनीत आले.

त्या काळी काही मोटारींत नुसता कमरपट्टा असे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एकाएकी थांबली, तरी आतील मनुष्याचे शरीर त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. कमरपट्ट्याने कंबर अडते. परंतु धड पुढे दुमडते, डोके आदळते, आणि पट्टा पोटावर सरकल्यास आतील इंद्रियांस इजा होते. बोलीन ह्यांनी एक पट्टा छातीवरून व एक ओटीपोटाखालून घेऊन ते दोन्ही आसनाच्या बाजूस, कमरेखाली, एकाच ठिकाणी अडकविले. त्यामुळे धक्क्याचा जोर मऊ पोटावर न पडता कमरेच्या व छातीच्या हाडांवर वाटला जातो, आणि शरीर थांबावयास किंचित अधिक अवधी मिळतो. तेवढ्या अवधीवरच प्राण अवलंबून असतात. वैमानिक जिवासाठी वाटेल तितके पट्टे बांधून घेतो. सामान्य मनुष्य मात्र क्षणाची अडचणही सोशीत नाही, हे बोलीन ओळखून होते. म्हणून त्यांचा पट्टा एका हाताने बांधता येतो. आमच्या मते त्यांची खरी चतुराई येथेच आहे.

१९५९ साली हा पट्टा व्होल्वोच्या गाड्यांत आला. पेटंट हाती असूनही कंपनीने तो इतरांस मुक्तपणे वापरू दिला. पुढे १९६७ साली बोलीन ह्यांनी २८,००० अपघातांची पाहणी जगापुढे मांडून पट्ट्याची उपयुक्तता सिद्ध केली. सप्टेंबर २००२ मध्ये ते निवर्तले.

त्यानंतर वीस वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, आपल्याच राज्यात पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री ह्यांची मोटार कठड्यावर आदळली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांना आढळले. ते दोघेही दगावले. पुढील दोघे वाचले. गणपतीस मुंबईहून शिरोड्यास येणाऱ्या आप्तेष्टांच्या गाड्यांतही मागील पट्टे पुष्कळदा बैठकीखाली दडपलेले असतात. मागे बसणारासही पट्टा बांधणे कायद्याने सक्तीचे आहे; न बांधल्यास १,००० रुपये दंड होतो.