नागसेनवनाचे ऋण

गुलमंडीच्या गजबजाटातून निघून नागसेनवनाकडे जाणाऱ्या किती नागरिकांस आपण मराठी वाङ्मयातील एका मोठ्या स्थित्यंतराच्या भूमीकडे चाललो आहोत, याची जाणीव असते? त्या स्थित्यंतराचे एक प्रमुख प्रवर्तक डॉ. म. ना. वानखेडे यांचे स्मरण आज आम्ही करीत आहोत, ते केवळ उपचार म्हणून नव्हे.

१९२४ साली जन्मलेले वानखेडे हे इंग्रजी वाङ्मयाचे व्यासंगी प्राध्यापक होते. अध्ययनासाठी ते अमेरिकेस गेले आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याने त्यांची दृष्टीच पालटली. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून विकले गेले, त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२० नंतरच्या दशकात काव्य, कथा व संगीत यांचे नवे युग उभे केले होते. लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, ड्यूक एलिंग्टन ही त्यांतील थोर नावे. परंतु केवळ प्रतिभेने हे घडले नाही. ॲलन लॉक या प्राध्यापकाने १९२५ साली नवोदितांचे लेखन एका ग्रंथात एकत्र आणले. ‘क्रायसिस’सारख्या मासिकांनी त्यांस हक्काची जागा दिली.

डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाचे, म्हणजेच मिलिंदचे, प्राचार्य या नात्याने वानखेडे यांनी हेच कार्य केले. घरातून प्रथमच शिक्षणास आलेल्या तरुणांना त्यांनी परक्यांचे अनुकरण नव्हे, तर स्वतःचे जीवन निर्भयपणे लिहिण्यास शिकविले. साहित्याला जात नसते, असे म्हणणाऱ्यांपुढे त्यांनी आजवर कोणाचे जीवन साहित्यात आलेच नाही, हा प्रश्न ठेवला. १९६७-६८ च्या सुमारास ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. पुढे गंगाधर पानतावणे यांनी ते ‘अस्मितादर्श’ या नावाने निष्ठेने चालविले. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ने अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेतले, तेव्हा त्या दोन जगांतील वैचारिक सेतू येथे आधीच बांधला गेला होता. १९७८ साली वानखेडे निवर्तले. त्याच वर्षी दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले.

कवींची नावे समाज ध्यानी ठेवतो. त्यांस कागद, वाचक व धैर्य देणारा शिक्षक मात्र विस्मृतीत जातो. आज आपल्या महाविद्यालयांत बिचकत पहिली कविता घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी कोणाचे दार उघडे आहे? वानखेडे यांचे ऋण पुतळ्याने फिटणार नाही. ते दार उघडे ठेवल्यानेच फिटेल.