अल्फ्रेड डनहिल

अल्फ्रेड डनहिल (जन्म : हॉर्नसी, इंग्लंड, ३० सप्टेंबर १८७२, मृत्यू : वर्दिंग, इंग्लंड, २ जानेवारी १९५९) हे ब्रिटिश उद्योजक, संशोधक आणि तंबाखूच्या पाइपचे निर्माते होते. ब्रायर लाकडाच्या पाइपला नेटका आकार व प्रमाणबद्धता देण्यासाठी ते विशेष ओळखले जातात.

== प्रारंभिक जीवन ==
त्यांच्या वडिलांचा लंडनमध्ये घोड्यांचे खोगीर व सरंजाम बनवण्याचा व्यवसाय होता. डनहिल यांनी तेथेच उमेदवारी केली आणि १८९३ मध्ये व्यवसायाची सूत्रे हाती घेतली. मोटारगाड्यांमुळे घोडागाड्यांचे दिवस सरत आल्याचे ओळखून ते मोटारचालकांचे कपडे, दिवे, भोंगे इत्यादी साहित्य विकू लागले. उघड्या मोटारीत वाऱ्यामुळे पाइप ओढणे कठीण जाई. त्यावर उपाय म्हणून १९०४ मध्ये त्यांनी भांड्याची पुढची कड उंच असलेल्या पाइपचे पेटंट घेतले.

== पाइपनिर्मिती ==
१९०७ मध्ये त्यांनी लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान उघडले. तेथे प्रत्येक ग्राहकाच्या आवडीप्रमाणे तंबाखूचे मिश्रण करून दिले जाई. त्या काळी बाजारातील अनेक पाइपमधील लाकडाचे दोष लुकण भरून व रोगण लावून झाकले जात. डनहिल यांना हे मान्य नव्हते. १९१० मध्ये त्यांनी स्वतःचा लहान कारखाना सुरू केला.

ब्रायर म्हणजे भूमध्यसागरी प्रदेशातील हीथ झुडपाच्या मुळाशी वाढणारी कठीण गाठ. तिच्यापासून भांडे व दांडा एकसंध कोरतात आणि त्याला मुखनळी जोडतात. 'बिलियर्ड' या रूढ घाटात भांड्याची उंची व दांड्याची लांबी जवळजवळ सारखी असते. त्यात थोडा फरक पडला तरी पाइप बोजड दिसतो. धुराचे छिद्र भांड्याच्या तळाशी नेमके उघडावे लागते, अन्यथा तळाची तंबाखू जळत नाही व ओल साचते. भिंत फार पातळ असल्यास पाइप हाताला तापतो, फार जाड असल्यास दातांत धरणे जड जाते. त्यामुळे पाइपच्या घाटात सौंदर्य आणि सोय वेगळी काढता येत नाहीत. डनहिल यांच्या कारखान्यातील पाइप या दोन्ही कसोट्यांवर उतरल्याने महाग असूनही खपले.

व्हल्कनाइटच्या मुखनळीची वरची बाजू ओळखता यावी म्हणून तिच्यावर पांढरा ठिपका बसवण्यात आला. पुढे तोच कंपनीचे बोधचिन्ह ठरला.

१९१७ मध्ये त्यांनी वाळूचा मारा करून भांड्याचा पृष्ठभाग खडबडीत करण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. या माऱ्याने मऊ भाग झिजतो आणि कठीण रेषे उठून दिसतात. गुळगुळीत पाइपसाठी गैरसोयीचे ठरणारे मऊ अल्जीरियन ब्रायर त्यामुळे उपयोगी पडले. 'शेल' नावाने प्रसिद्ध झालेले हे पाइप वजनालाही हलके असत.

== ग्रंथलेखन व उत्तरायुष्य ==
जगातील विविध समाजांच्या पाइपचा त्यांनी अभ्यास केला. मातीच्या पाइपपासून हुक्क्यापर्यंतच्या प्रकारांची माहिती देणारा 'द पाइप बुक' हा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२८ मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले.

== प्रभाव ==
वाळूच्या माऱ्याची पद्धत पुढे जगभरातील पाइप कारागिरांनी स्वीकारली. डनहिल यांच्या कारखान्यातील रूढ घाट हाताने पाइप घडवणारे कारागीर आजही प्रमाणबद्धतेचे नमुने म्हणून अभ्यासतात.