बीअरच्या कारखान्यातील शास्त्रज्ञ

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे बीअर उत्पादकाच्या घरी झाला. विद्यापीठाची पायरी न चढलेले ज्यूल कारखाना सांभाळून प्रयोग करीत. तारेतील विद्युतप्रवाह दुप्पट झाला, की निर्माण होणारी उष्णता चौपट होते, हे त्यांनी १८४० मध्ये सिद्ध केले. रॉयल सोसायटीने तो निबंध पूर्ण छापला नाही. मात्र १८५० मध्ये त्याच संस्थेने त्यांना सदस्यत्व बहाल केले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी त्यांचे निधन झाले.

आज घरी विजेवर बीअर तयार करणाऱ्यांच्या मोठ्या हीटरला स्वतंत्र, जाड तार आणि योग्य क्षमतेचा फ्यूज आवश्यक असतो. बारीक तार तापून आग लागू शकते, ती याच नियमामुळे. आणि फ्यूज वेळीच वितळून घर वाचवतो, तोही याच नियमाने.