टेलरसाहेबांची पेन्सिल

उमरग्याहून सोलापूरकडे निघाले, की वाटेत नळदुर्ग लागते. बोरी नदीच्या पाण्याने वेढलेला किल्ला, त्यातील पाणीमहाल आणि पावसाळ्यात तेथून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहण्यास दूरदूरचे पर्यटक येतात. सुमारे १७० वर्षांपूर्वी या किल्ल्यात एक इंग्रज अधिकारी राहत असे. कचेरीच्या कामातून आणि दौऱ्याच्या दगदगीतून सवड मिळाली, की उघड्यावर बसून समोरचे दृश्य कागदावर उतरवणे हा त्याचा विरंगुळा होता. फिलिप मेडोज टेलर हे त्याचे नाव.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करण्यासाठी ते मुंबईस आले. पेढीचीच स्थिती डबघाईची निघाली आणि भागीदारीची आशा फोल ठरली. १८२४ च्या अखेरीस ते निजामाच्या फौजेत दाखल झाले. विद्यापीठाचे शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. पण मोजणी, बांधकाम, कायदा, भूगर्भशास्त्र आणि पुरातत्त्व या विषयांत त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने गती मिळवली. हातातील पेन्सिल मात्र या साऱ्यांत सोबतीला राहिली. दख्खनमधील त्यांच्या रेखाचित्रांचा शिळामुद्रित संग्रह १८३७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ठगांच्या जीवनावरील ज्या कादंबरीने त्यांचे नाव गाजले, ती त्यानंतर, १८३९ साली आली.

१८४१ पासून ते शोरापूर संस्थानात होते. १८४४ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. एकाकीपणाच्या त्या काळात काम, वाचन आणि चित्रकला यांचाच त्यांना आधार होता. शोरापूरजवळच्या बोनाळ तलावाची त्यांनी सुधारणा केली. तो तलाव आज पक्ष्यांसाठी ओळखला जातो. त्या परिसरातील प्राचीन शिळावर्तुळांची आणि दफनस्थळांची त्यांनी टिपणे व आकृत्या तयार केल्या. मन रमवण्यासाठी जोपासलेला छंद अशा रीतीने अभ्यासाचे साधन झाला.

१८५३ च्या तहाने नळदुर्गचा मुलूख कंपनी सरकारकडे आला आणि त्याचा कारभार टेलर यांच्याकडे सोपवण्यात आला. परकी सत्तेचा अंमल बसवणे हेच त्यांचे काम होते, हे विसरून चालणार नाही. तथापि जमिनीची पाहणी आणि रस्त्यांची कामे करताना त्यांनी हा प्रदेश जवळून न्याहाळला. १८५७ च्या धामधुमीत, हाताशी फौज नसताना वऱ्हाड सांभाळण्याचा हुकूम आला, तेव्हा त्यांना नळदुर्ग सोडावे लागले.

प्रकृती ढासळल्याने १८६० मध्ये ते मायदेशी परतले आणि डब्लिनजवळ राहू लागले. तेथे लिहिलेली ‘तारा’ ही कादंबरी १८६३ साली प्रसिद्ध झाली. तिचे कथानक तुळजापूर परिसरात घडते. तेथील डोंगर, दऱ्या आणि मंदिर इतके रेखीव उभे राहतात, याचे श्रेय वर्षानुवर्षे चित्रे काढून सरावलेल्या नजरेला द्यावे लागेल. चित्र काढायचे, तर एका जागी थांबून पुनःपुन्हा पाहावे लागते. त्या पाहण्यातूनच हा मुलूख लेखकाच्या स्मरणात पक्का बसला असावा.

दैवदुर्विलास असा, की १८७५ च्या सुमारास त्यांची दृष्टीच गेली. हिवाळा हिंदुस्थानात घालवावा, असा सल्ला मिळाल्याने ते पुन्हा इकडे आले. पण ज्या भूमीची चित्रे आयुष्यभर रेखाटली, ती आता त्यांना दिसत नव्हती. तापाने प्रकृती अधिकच खालावली. परतीच्या प्रवासात, १३ मे १८७६ रोजी, फ्रान्समधील माँतों येथे त्यांचा मृत्यू झाला. पुढील वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. नळदुर्गच्या मुलखात घालवलेल्या दिवसांची हकीकत त्यात आजही वाचायला मिळते.