माशीचा माग काढणारा साहेब

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला निघालेल्या माणसाला राहाता आल्याचे पाटी वाचण्याआधी पेरूंवरून कळते. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडलेल्या असतात, वर पानासकट तोडलेले चार पेरू शोभेला ठेवलेले असतात. गाडी थांबते, घासाघीस होते, पेरू घरी येतात. मग दुपारी सगळे जमले की ताटात फोडी होतात, तिखट-मीठ भुरभुरले जाते, आणि एखाद्या वेळी सुरी मधोमध गेल्यावर कापणाऱ्याचा हात थबकतो. आत पांढरी अळी वळवळत असते. बाहेरून पेरू पिवळाधमक असतो, भोक म्हणून कुठे दिसत नाही. मग ही आत शिरली कुठून?

ती शिरलेली नसते, आतच जन्मलेली असते. तिची आई म्हणजे फळमाशी. आकाराने साधारण घरमाशीएवढी, तांबूस-तपकिरी अंगाची, पिवळ्या खुणांची आणि पारदर्शक पंखांची. पेरू पाडाला लागला की मादी त्यावर उतरते. पोटाच्या टोकाला असलेल्या सुईसारख्या नळीने साल टोचते आणि सालीखाली अंडी घालते. टोचल्याची खूण इतकी बारीक असते की ती जाणकारालाच दिसावी. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि आठवडाभर अळ्या गर खात राहतात. फळ आतून सडते, गळते आणि जमिनीवर पडते. मग अळी बाहेर येते, अंगाची कमान करून चक्क उडी मारते आणि मऊ माती सापडली की तिच्यात शिरून कोष करते. हवा उबदार असली तर दहा-बारा दिवसांत त्या मातीतून नवी माशी वर येते. एक मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते. पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूत अळ्या जास्त का निघतात, ते यावरून कळावे. तेव्हा उबही असते, ओलही असते आणि पिकलेली फळेही.

आता या माशीला मारायचे कसे? अंडी आणि अळ्या फळाच्या आत, कोष मातीच्या आत. औषधाची फवारणी वरच्यावर वाहून जाते. उलट फळ तोडणीला आलेले असताना फवारलेले विष खाणाऱ्याच्याच पोटात जायचे. म्हणून राहात्याच्या परिसरातच काय, कोकणातल्या आंब्याच्या बागांतही झाडाला टांगलेला एक प्लास्टिकचा डबा दिसतो. त्यात औषधात बुडवलेला लाकडाचा तुकडा असतो आणि तळाशी मेलेल्या माशांचा खच. गंमत अशी की त्या सगळ्या माशा नर असतात. तुकड्याला लावलेल्या मिथाइल युजेनॉल नावाच्या द्रव्याचा वास त्यांना वेड लावतो. हे द्रव्य कित्येक वनस्पतींत असते, आपल्या अंगणातल्या तुळशीतही असते.

हा वास कोणी हुडकला, याची गोष्ट सांगायची तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे बिहारमधल्या पुसा गावी जावे लागते. तिथे एक विलक्षण धडपडा साहेब बसला होता. त्याचे नाव हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय.

लेफ्रॉय यांचा जन्म जानेवारी १८७७ मधला, इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातला. केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकून त्यांनी थोडे दिवस मास्तरकी केली आणि १८९९ साली वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर कीटकतज्ज्ञ म्हणून नोकरी धरली. तिथे त्यांच्यापुढे आली उसाची खोडकीड. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूरच्या ऊसवाल्यांना या किडीची वेगळी ओळख करून द्यायला नको. उसाच्या पोटात बसून ऊस पोखरणारी अळी कशी गाठायची, हा प्रश्न या तरुणाने वयाच्या पंचविशीच्या आतच हाताळला होता. कीड लपून बसते, तेव्हा तिच्या जगण्यातली उघडी जागा शोधावी लागते, हा धडा त्यांना तिथे मिळाला असावा.

१९०३ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांच्याआधी सरकारी कीटकतज्ज्ञाची जागा फुलपाखरांचे जाणकार लायोनेल द निसव्हिल यांना मिळाली होती, पण १९०१ सालीच ते तापाने वारले. लेफ्रॉय आले तेव्हा मुंबई इलाख्यावर टोळधाडीचे संकट होते. १९०३-०४ च्या त्या धाडीतला टोळ पुढे मुंबई टोळ याच नावाने ओळखला जाऊ लागला. थंडीत सह्याद्रीच्या जंगलात मुक्काम करायचा आणि पावसाच्या सुरुवातीला मैदानात उतरून अंडी घालायची, असा त्याचा क्रम. १९०६ साली लेफ्रॉय यांचा या टोळावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे या साहेबाच्या हिंदुस्थानातल्या कामाचा श्रीगणेशा आपल्याच मुलखातल्या संकटावर झाला, असे म्हणायला हरकत नाही.

एप्रिल १९०५ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते पुसा येथे शेतकी संशोधन संस्थेची पायाभरणी झाली. हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन धनिकाने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. लेफ्रॉय तिथले पहिले इंपीरियल कीटकतज्ज्ञ. कामाचा आवाका बघा! पेशावरपासून ब्रह्मदेशापर्यंतचा मुलूख, शेकडो पिके, हजारो किडी. आणि त्यांची नीट नोंद अशी कुठेच नाही. कोणती कीड कधी अंडी घालते, कुठे कोष करते, कोणत्या महिन्यात दिसेनाशी होते, हे सारे पहिल्यापासून जमवायचे होते. लेफ्रॉय यांनी हाताखाली हिंदी मदतनीस घेतले, त्यांना शिकवले, चित्रकारांकडून किडींची रंगीत चित्रे काढून घेतली. १९०६ साली पिकांवरच्या किडींवरचे त्यांचे पुस्तक आले, शेतीशी संबंध असलेल्या कोणालाही कळावे अशा साध्या भाषेत लिहिलेले. १९०९ साली हिंदुस्थानातल्या कीटकसृष्टीवरचा त्यांचा सुमारे आठशे पानांचा ग्रंथ निघाला. अवघ्या सहा वर्षांच्या मुक्कामात एका माणसाने एवढे काम उरकावे, याचे आजही नवल वाटते.

त्या ग्रंथातला माशांचा भाग मात्र त्यांच्या सहकाऱ्याने लिहिला होता. फ्रँक मिलबर्न हाउलेट. हेही १८७७ सालीच जन्मलेले आणि केंब्रिजलाच शिकलेले. १९०७ मध्ये ते पुसाला आले. माशा, डास, गोमाश्या, माणसाला आणि जनावरांना छळणारे जे जे म्हणून उडते, ते हाउलेट यांच्या खात्यात. आपल्याला माशी आणि डास ही दोन वेगळी पाखरे वाटतात. पण दोनच पंख असलेल्या कीटकांचे ते एकच मोठे गोत्र आहे.

त्या काळी डास दूर ठेवण्यासाठी सिट्रोनेलाचे तेल वापरत. आपल्या गवती चहाच्या जातभाईपासून काढलेले हे तेल रुमालावर शिंपडायचे की डास फिरकत नाहीत. पण झाले भलतेच. डास गेले आणि रुमालावर दुसऱ्याच माशा येऊन बसू लागल्या. हाउलेट यांनी त्या पकडून पाहिल्या. त्या फळमाश्या होत्या, आणि झाडून सगळे नर. दुसरा कोणी असता तर त्याने रुमाल झटकला असता. हाउलेट यांनी १९१२ मध्ये त्यावर निबंध लिहिला. मग तेलातले एकेक द्रव्य वेगळे करून ते कशाला भुलतात याचा शोध घेतला आणि १९१५ पर्यंत मिथाइल युजेनॉलचे नाव कागदावर आणले. राहात्याच्या बागेतल्या डब्यातला वास तो हाच.

लेफ्रॉय तोवर इंग्लंडला परतले होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ते १९१२ पासून प्राध्यापक होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या कीटकगृहाची देखरेखही त्यांच्याकडे होती. पण स्वस्थ बसणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. पहिले महायुद्ध पेटले आणि १९१६ साली त्यांना मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकमध्ये जावे लागले. तिथल्या फौजेला तुर्कांइतकाच माशांनी उच्छाद दिला होता. कूतच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत आपल्या मराठा पलटणीही होत्या. त्या मोहिमेत गोळीपेक्षा हगवण, कॉलरा आणि ताप यांचे भय मोठे होते.

इथे शत्रू होती साधी घरमाशी. तिला टोचता येत नाही, चावता येत नाही. तिला दात नसल्याने घट्ट अन्नावर ती आधी लाळ ओकते, ते पातळ करते आणि मग शोषून घेते. पायांनी तिला चव कळते, म्हणून ती जिथे बसेल तिथे पाय घासत असते. शेणावर, विष्ठेवर बसलेले तेच पाय भाकरीवर येतात. एका खेपेला शंभर-सव्वाशे अंडी आणि कडक उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून माशी! छावणीतल्या घोड्या-खेचरांच्या लिदीत तिची पैदास कशी होत असेल, याची कल्पना करावी. ही पैदास रोखायची कशी आणि उडत्या माशा मारायच्या कशा, याच्या मागे लेफ्रॉय लागले आणि तेव्हापासून माशीने त्यांना सोडले नाही.

युद्धानंतर त्यांच्याकडे आले एक वेगळेच काम. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे पाचशे वर्षांपूर्वीचे ओक लाकडाचे छत भुंगेऱ्यांनी आतून पोखरले होते. युद्धाच्या आधीच त्याची दुरुस्ती सुरू झाली होती. या किडीवर लेफ्रॉय यांनी औषधाचे मिश्रण तयार केले. तशा औषधांना मागणी येऊ लागली, तेव्हा एलिझाबेथ ईड्स या सहकारी बाईंना घेऊन त्यांनी ती विकायला काढली. ठरवलेले एन्टोकिल हे नाव नोंदवता येईना, म्हणून आधी एक अक्षर जोडले आणि झाले रेंटोकिल. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत झुरळांचा बंदोबस्त करायला येणाऱ्या माणसांच्या गणवेशावर हे नाव अनेकांनी वाचले असेल. त्यामागे टोळ आणि माशांच्या मागे फिरलेला हा प्राध्यापक आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

पण धंदा वाढलेला पाहायला ते राहिले नाहीत. माशा मारणारा विषारी वायू शोधण्याचा त्यांचा प्रयोग चालू होता. ऑक्टोबर १९२५ मध्ये एका शनिवारी ते आपल्या प्रयोगशाळेत बेशुद्ध सापडले. वायू माशांऐवजी त्यांनाच भोवला होता. चार दिवसांनी, १४ ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४८. हाउलेट तर त्याच्याही आधी, १९२० साली, मसुरीला वारले होते. पुसाची संस्थाही १९३४ च्या भूकंपात मोडली आणि १९३६ साली दिल्लीला गेली. जाताना ती गावाचे नाव सोबत घेऊन गेली, म्हणून दिल्लीतल्या त्या भागाला आजही पुसा म्हणतात.

लेफ्रॉय यांचे आयुष्य असे माशीच्या मागे गेले आणि माशीपायीच संपले. त्यांना बेफिकीर म्हणावे का? प्रयोगशाळेत सावधगिरी बाळगायला हवी होती, हे खरेच. पण ज्या काळात माशीने पसरवलेल्या रोगांनी छावण्याच्या छावण्या आडव्या होत, त्या काळातली त्यांची घाई समजून घ्यावी लागते. त्यांनी आणि हाउलेट यांनी एकाच संस्थेत, एकाच प्रकारच्या प्राण्यावर काम केले. एक विषाच्या वाटेने गेला, एक वासाच्या. विषाची वाट छोटी वाटते, म्हणून ती आधी धरली जाते. वासाच्या वाटेला वेळ लागतो, कारण आधी माशीला काय हवे ते समजून घ्यावे लागते.

हाउलेट यांच्या शोधाचा पुरता उपयोग व्हायला पुढे पन्नास वर्षे जावी लागली. १९६० च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा नावाच्या छोट्या बेटावर मिथाइल युजेनॉल आणि विष यात भिजवलेले तुकडे विमानातून टाकले गेले. नर संपले, माद्यांना जोडीदार उरले नाहीत आणि बेटावरची फळमाशी नाहीशी झाली. पुढे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरही हेच घडले.

राहाता काही बेट नाही. इथे एका बागेने एकरी चार-पाच डबे टांगले आणि शेजारच्या बागेत सडके पेरू तसेच पडून राहिले, तर माशीला बांध आडवा येत नाही. शिवाय एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे थोडे नर मेल्याने काही बिघडत नाही. म्हणून सापळे साऱ्या शिवाराने मिळून लावायचे, वास उडून गेला की तुकडा बदलायचा, आणि गळलेली फळे रोज वेचून खोल खड्ड्यात पुरायची. या शेवटच्या कामाला पैसा लागत नाही, फक्त कंबर वाकवावी लागते. अळी मातीत उतरण्याआधीच तिची वाट अडवणारे हे काम आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला शिर्डीहून परतताना राहात्याला पेरू घ्याल, तर घटकाभर बागेकडेही नजर टाका. फांदीला डबा लोंबकळताना दिसला तर त्या पुसाच्या दोघा साहेबांची आठवण काढा. आणि घरी आल्यावर पेरूत अळी निघालीच, तर ती फोड खिडकीतून बाहेर टाकू नका. आपल्या परसातल्या मातीतही तिला कोष करता येतो.