वाऱ्याची वीज खेड्यात आणणारा मास्तर

गावात सौर प्रकल्प येणार म्हटलं की आपण पहिलं विचारतो, आभाळ आल्यावर काय? वाऱ्याच्या विजेबाबत हाच प्रश्न डेन्मार्कमधल्या एका मास्तराला पडला होता. त्याचं नाव पोल ला कूर.

ला कूर यांचा जन्म १८४६ चा, शेतकरी घरातला. पदार्थविज्ञान शिकून ते हवामान खात्यात लागले. तारयंत्रात त्यांनी शोधही लावले. पण १८७८ मध्ये ते आस्कोव या खेड्यात, शेतकऱ्यांच्या तरुण पोरांना शिकवणाऱ्या लोकशाळेत मास्तर झाले. त्या काळी वीज शहरातच येत होती. खेडी अंधारात राहिली तर पोरं शहराकडे जातील, ही त्यांना काळजी होती. वारा मात्र खेड्यात फुकट होता.

१८९१ मध्ये सरकारी मदतीने त्यांनी आस्कोवला पवनचक्की उभारली. पहिली अडचण अशी की वारा कमी-जास्त झाला की चक्कीचा वेग बदलायचा. त्यासाठी त्यांनी वेग सारखा ठेवणारं साधन तयार केलं. दुसरी अडचण, वारा पडला की वीज बंद. मग विजेने पाण्यापासून हायड्रोजन वायू काढून तो टाकीत साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. हे काम जोखमीचं होतं बघा. वायूचे स्फोट होऊन शाळेच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. पुढे त्यांनी बॅटऱ्यांचा मार्ग धरला.

१९०३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने वाऱ्याच्या विजेसाठी संस्था निघाली. तिने गावोगावच्या छोट्या वीज केंद्रांची आखणी करून दिली. चक्की, जोडीला बॅटऱ्या, वारा पडल्यावर चालवायला इंजिन, आणि तारा गावापुरत्याच. कारण ती वीज लांब नेली तर वाटेतच वाया जायची. १९०४ पासून त्यांनी खेड्यातल्या पोरांना वीजकामही शिकवलं. गावची लाईन गावच्याच माणसाला सांभाळता यावी, हा हेतू.

ला कूर १९०८ मध्ये वारले. १९१८ पर्यंत डेन्मार्कमध्ये सुमारे १२० ग्रामीण वीज केंद्रांवर पवनचक्क्या होत्या. त्यांचे विद्यार्थी योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची चक्की उभारली. आज त्या देशाची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून होते. जादा झाली तर शेजारी देशांना जाते, कमी पडली तर तिकडून येते.

यातून आपण काय घ्यायचं? चक्की किंवा पॅनल उभं करणं हे अर्धंच काम. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी प्रकल्पाचा ठराव करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. उपकेंद्र किती लांब आहे आणि लाईनला तेवढा भार झेपेल का? ऊन नसेल तेव्हा वीज कुठून येणार? आणि बिघाड झाला तर दुरुस्तीला कोण, किती वेळात येणार? उत्तरं लेखी घ्या. पिकाला पाणी वेळेवर लागतं, नंतर मिळून उपयोग नाही.