‘द वॉल’च्या आधीची भिंत : विजय हजारे

आपल्या होस्टेलमध्ये क्रिकेटमधली भिंत कोण असं विचारलं तर उत्तर एकच येतं, राहुल द्रविड. आणि विजय हजारे म्हटलं की पोरांच्या तोंडी लगेच ‘ट्रॉफी’ येतं. २००२-०३ पासून अखिल भारतीय पातळीवर सुरू झालेल्या वन-डे स्पर्धेला पुढे हजारेंचं नाव दिलं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या विदर्भाची टीम या ट्रॉफीच्या फायनलला पोहोचली. कर्नाटकने ३६ धावांनी ती मॅच जिंकली. फायनल झाली वडोदऱ्याला, म्हणजे जुन्या बडोद्याला, जिथे हजारेंनी आपलं अर्ध्याहून जास्त आयुष्य काढलं. मला वाटलं, ज्यांच्या नावाचा कप आपल्या पोरांच्या हाताशी आला होता त्या माणसाबद्दल मॅगझिनमध्ये दोन पानं लिहायलाच पाहिजेत.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळेत शिक्षक. त्या काळात क्रिकेट खेळून पोट भरणं म्हणजे आजच्यासारखं कॉन्ट्रॅक्ट आणि लिलाव नव्हे. ज्याला खेळायचं त्याने एखाद्या संस्थानिकाकडे नोकरी धरायची आणि राजा म्हणेल त्या टीमकडून मैदानात उतरायचं. म्हणून हजारेंचं करिअर म्हणजे नुसता प्रवास दिसतो. आधी महाराष्ट्र, मग सेंट्रल इंडिया, परत महाराष्ट्र आणि १९४१ नंतर बडोदे. मधल्या काळात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या लीगमध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणूनही ते खेळले. आपल्याला कॅम्पसमधून पुण्याला जॉब लागला तरी घरी रडारड होते. सांगलीचा हा शिक्षकाचा पोरगा बॅट घेऊन इतक्या गावी राहिला.

देवासच्या महाराजांनी ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट याला शिकवायला बोलावलं होतं. हजारेंची उभं राहण्याची ढब विचित्र होती. बॅट दोन्ही पॅडच्या मधे धरलेली, दिसायला अवघडलेली. कोणताही कोच आधी तेच सुधारायला गेला असता. ग्रिमेटने मात्र ती ढब बदलू दिली नाही. मला हा प्रसंग फार आवडतो. जे चालतंय ते फक्त पुस्तकात नाही म्हणून मोडायचं नसतं, हे इंजिनिअरिंगच्या पोरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. भारतीय खेळाडूचं ते पहिलं त्रिशतक. पण त्यांचं नाव घरोघरी झालं ते मुंबईच्या पंचरंगी सामन्यांमुळे. या स्पर्धेत धर्मावरून टीम पडायच्या. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘शेष’ संघ. ख्रिस्ती असल्याने हजारे ‘शेष’ संघात. या स्पर्धेचा आपल्या जिल्ह्याशीही संबंध आहे बरं का! डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींना भेटायला वर्ध्याला आली होती आणि खेळात धर्मावरून संघ पाडणं आपल्याला पसंत नाही, असं गांधीजींनी त्यांना स्पष्ट कळवलं. तरी स्पर्धा १९४६ पर्यंत चालली.

१९४३-४४ च्या फायनलमध्ये हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. शेष संघ १३३ मध्ये गारद. फॉलोऑननंतर शेष संघाने ३८७ केल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या! म्हणजे जवळपास ८० टक्के. भाऊ विवेक हजारे यांच्यासोबत ३०० धावांची भागी झाली, त्यात विवेक यांच्या २१. त्या २१ धावांना मी कमी समजत नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभं राहिलं म्हणूनच ३०९ झाल्या. मॅच मात्र शेष संघ डाव आणि ६१ धावांनी हरला.

मार्च १९४७ ची रणजी फायनल, बडोदे विरुद्ध होळकर. बडोद्याचे ३ बाद ९१. मग हजारे आणि गुल महंमद जे उभे राहिले ते ६६८ पर्यंत. भागी ५७७ धावांची, हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९. कोणत्याही विकेटसाठी फर्स्ट क्लास क्रिकेटमधला हा जागतिक विक्रम २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ ची भागी करेपर्यंत टिकला. पुढे पाचच महिन्यांनी फाळणी झाली आणि गुल महंमद नंतर पाकिस्तानकडूनही कसोटी खेळले.

महायुद्धामुळे हजारेंची उमेदीची वर्षं गेली. पहिली कसोटी मिळाली ती १९४६ मध्ये लॉर्ड्सवर, तेव्हा वय ३१. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाने ६७४ चा डोंगर रचला. ब्रॅडमनच्या २०१, आणि त्याचा त्रिफळा उडवणारे कोण, तर हजारेच! त्यांची मध्यमगती गोलंदाजीही काही साधी नव्हती. मग पहिल्या डावात ११६. फॉलोऑन मिळाला, दुसऱ्या डावात पहिले दोन गडी शून्यावर गेले, समोर लिंडवॉल आग ओकत होता. त्याने ७ बळी घेतले. हजारेंनी १४५ केल्या. एकाच कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. निकाल? भारत डाव आणि १६ धावांनी पराभूत.

इथे आमच्या रूमवर वाद होतो. मित्र म्हणतात, टीम हरली तर त्या शतकांचा उपयोग काय? आणि एवढं टुकूटुकू खेळायचं कशाला? हा आक्षेप अगदीच फेकून देण्यासारखा नाही. १९५१-५२ मध्ये दिल्लीला हजारे कॅप्टन होते. त्यांनी नाबाद १६४ केल्या, पण आठ तासांहून जास्त वेळ घेतला. नंतर इंग्लंडला बाद करायला वेळ पुरला नाही आणि मॅच ड्रॉ झाली. भिंत दोन्ही बाजूंनी भिंत असते, कधी आपलाच रस्ता अडवते. पण त्याच्याही आधीची, फेब्रुवारी १९४९ ची मुंबईची कसोटी बघा. वेस्ट इंडिजविरुद्ध जिंकायला ३६१ हव्या होत्या. हजारेंनी १२२ केल्या, भारत ८ बाद ३५५ पर्यंत गेला आणि वेळ संपली. फक्त ६ धावा कमी! म्हणजे या माणसाला पाठलागही जमत होता.

शेवटी फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला डाव आणि ८ धावांनी हरवलं. भारताचा हा पहिलाच कसोटी विजय, आणि कॅप्टन हजारे. विनू मंकडने १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं ठोकली. पहिली कसोटी १९३२ ला खेळलो होतो. वीस वर्षं वाट पाहिली होती लोकांनी.

चारच महिन्यांनी लीड्स. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रुमन आणि बेडसरने १४ चेंडूंत भारताचे चार गडी उडवले. फलकावर ४ बाद ०. मित्रांनो, बोर्डावर एकही रन नाही आणि अर्धी बॅटिंग पॅव्हेलियनमध्ये! कॅप्टन हजारे उतरले. थोड्या वेळात ५ बाद २६ झाले. मग त्यांनी दत्तू फडकरसोबत १०५ जोडल्या. हजारे ५६, फडकर ६४. मॅच इंग्लंडने ७ गडी राखून जिंकलीच. त्याच दौऱ्यात ओव्हलवर ५ बाद ६ झाले तेव्हाही सगळ्यांत जास्त धावा त्यांच्याच, ३८.

मी हिंगणघाटचा, कापसाच्या गावचा. आमच्याकडे मृगात पेरलं आणि पावसाने दडी मारली तर बियाणं जमिनीतच करपते. मग दुबार पेरणी. पहिल्या पेरणीचे पैसे गेलेले असतात, कर्ज वाढलेलं असते, दुसऱ्या पेरणीचीही गॅरंटी नसते. तरी माणूस तिफन घेऊन परत वावरात जातोच, कारण वावर पडीक ठेवलं तर मात्र नक्कीच काही उगवत नाही. ४ बाद ० वर मैदानात जाणं मला तसंच वाटते. आमच्या रूमवरच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. लीड्सला ते १०५ नसते तर हार झालीच असती, पण नुसती हार आणि इज्जत जाणं यात फरक आहे. पुढच्या मॅचला टीम कोणत्या तोंडाने उतरते, ते त्या फरकावर ठरते.

१९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. १४ कसोटींत कॅप्टन, १ विजय, ५ पराभव, ८ ड्रॉ. एकूण ३० कसोटी, २१९२ धावा, ७ शतकं, सरासरी ४७.६५. फर्स्ट क्लासमध्ये १८ हजारांवर धावा आणि ५९५ बळी. १९६० मध्ये जसू पटेलांसोबत पद्मश्री मिळाली, क्रिकेटपटूंना मिळालेली ती पहिलीच. १८ डिसेंबर २००४ रोजी वडोदऱ्यात ८९ व्या वर्षी ते गेले.

सेमिस्टरचा रिझल्ट लागला की आपल्या कॉरिडॉरमध्येही कोणाचे चार-चार विषय उडालेले असतात. चार विषय एका दमात निघत नाहीत, हे मलाही कळते. पण त्या रात्री दार लावून पडून राहण्यापेक्षा पहिला चेंडू नुसता अडवा, म्हणजे एक युनिट काढा. आणि बाजूच्या रूममधल्याने विवेक हजारेंसारखं दुसरं टोक धरावं. २१ धावा पुरतात.

तृतीय वर्ष, मेकॅनिकल